टाइप वन असलेल्या मुलांसाठी ऑटोमॅटिक इन्सुलिन पंप: तो काय करतो, आपल्यावर काय सोडतो

टाइप वन डायबेटिस असलेलं लहान मूल ज्या घरात आहे, तिथे रात्री दोन-अडीचला गजर वाजतो. आई किंवा बाबा उठतात, झोपलेल्या मुलाचं बोट धरून थेंबभर रक्त काढतात आणि मीटरवरचा आकडा बघतात. साठ आला तर पेंगणाऱ्या मुलाला साखरपाणी पाजायचं. तीनशे आला तर इन्सुलिन द्यायचं का, किती द्यायचं, जेवताना दिलेलं अजून अंगात किती शिल्लक असेल, हा हिशेब डोळ्यांवर झोप असताना करायचा. सकाळी मुलाची शाळा आणि मोठ्यांची नोकरी असतेच. आणि हे वर्षानुवर्षं चालतं.

हाच हिशेब दिवसरात्र, दर पाच मिनिटांनी करणारी यंत्रं गेल्या दहाएक वर्षांत आली आहेत. शरीरावर एक सेन्सर, कमरेला किंवा दंडावर एक छोटा पंप, आणि दोघांना जोडणारा एक प्रोग्रॅम. पहिल्यांदा ऐकणाऱ्या पालकांना वाटतं, मशीन लावलं की प्रश्न मिटला. तसं होत नाही. पण जे होतं तेही थोडंथोडकं नाही. अगदी थोडक्यात सांगायचं तर रात्र बऱ्यापैकी मशीनवर सोपवता येते, जेवण अजून सोपवता येत नाही. असं का, हे एकदा कळलं की ही यंत्रणा वापरणं पुष्कळ सोपं जातं.

आधी आजाराबद्दल थोडं. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. आजीनं लाडानं दिलेल्या पेढ्यांमुळे हे होत नाही, गरोदरपणात आईनं काय खाल्लं त्यामुळेही होत नाही. पथ्य, काढा, व्यायाम यांनी गेलेल्या पेशी परत येत नाहीत. इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं, आणि ते थांबवलं तर काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालच्या टाइप वन रुग्णांची संख्या जगात सर्वाधिक भारतात आहे, सव्वादोन लाखांच्या वर.

१९२२च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, आणि तोवर मृत्यूच ठरलेल्या या आजारात मुलं जगू लागली. पण किती इन्सुलिन द्यायचं हा प्रश्न उरला, आणि तो फार अवघड निघाला. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं १,४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. शुगर काटेकोर ठेवली तर डोळ्यांचा पडदा खराब होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी घटते, मूत्रपिंडं आणि नसाही वाचतात, हे त्यातून कळलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की काटेकोर उपचार घेणाऱ्यांची शुगर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाण्याचे प्रसंग तिपटीनं वाढले. त्या अभ्यासात तेरा वर्षांखालची मुलं नव्हती, पण घोळ त्यांच्याही आईबापांच्या वाट्याला आला. शुगर खाली आणावी तर रात्री ती फार उतरून, म्हणजे ‘लो’ होऊन, मुलाला झटका येईल ही भीती, वर ठेवावी तर पुढे डोळे आणि मूत्रपिंडं जातील ही भीती. कित्येक घरांत झोपताना शुगर मुद्दाम दोनशेच्या आसपास ठेवतात ती याच भीतीपोटी. त्यांना दोष देता येत नाही. ऑटोमॅटिक यंत्रणेचं खरं मोल या दोन भीतींमधली ओढाताण सैल करण्यात आहे.

तीन भाग, पाच मिनिटं

सेन्सरची केसाइतकी बारीक तार त्वचेखाली काही मिलिमीटर जाते. ती रक्तातली शुगर मोजत नाही, पेशींच्या आजूबाजूच्या द्रवातली मोजते. दर पाच मिनिटांनी एक आकडा, म्हणजे दिवसाला २८८. त्वचेखालच्या द्रवात शुगर पोहोचायला थोडा वेळ लागत असल्यानं सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर स्थिर असताना हे जाणवत नाही. मूल धावत असताना किंवा नुकतंच जेवल्यावर मीटर आणि सेन्सर यांचे आकडे वेगळे दिसतात ते त्यामुळे.

पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं. इन्सुलिन पेननं, म्हणजे पेनसारख्या इंजेक्शननं, टोचून घेणारी मुलं दिवसातून एकदा लांब टिकणारं इन्सुलिन घेतात, ते पंपावर बंद होतं. त्याऐवजी पंप दिवसभर थेंबाथेंबानं देत राहतो, त्याला बेसल म्हणतात. जेवताना एकदम द्यायचा डोस म्हणजे बोलस. लहान मुलांसाठी पंपाचा एक मोठा फायदा इथेच आहे. तीन वर्षांच्या मुलाला दिवसभरात जेमतेम सात-आठ युनिट लागत असतील, तर पेननं अर्ध्या युनिटाच्या पायऱ्या त्याला फार मोठ्या पडतात. पंप युनिटाच्या विसाव्या भागाइतकाही डोस देऊ शकतो.

तिसरा भाग प्रोग्रॅम. तो पंपात किंवा फोनमध्ये असतो. दर पाच मिनिटांनी तो बघतो की शुगर आत्ता किती आहे, कोणत्या दिशेला आणि किती वेगानं चालली आहे, अंगात आधीचं इन्सुलिन किती उरलंय. काही प्रोग्रॅम त्यावरून पुढच्या अर्ध्या-एक तासाचा अंदाज बांधतात. खाली जाणार असं दिसलं की बेसल कमी किंवा पूर्ण बंद, वर जाणार असं दिसलं की वाढवायचं. शिवाय शुगर बरीच वर असेल तर स्वतःहून छोटा बोलस देण्याची सोयही बहुतेक नव्या यंत्रांत आहे. मेडट्रॉनिक कंपनीचा मिनीमेड ७८० जी हा पंप असा डोस गरज पडल्यास दर पाच मिनिटांनी देऊ शकतो, टँडम कंपनीचा कंट्रोल आयक्यू हा प्रोग्रॅम तासातून फार तर एकदा, आणि तोही हिशेबानं जितका लागेल त्याच्या ६० टक्केच. लक्ष्य कोणतं ठेवायचं हेही यंत्रागणिक बदलतं. ७८० जीवर १००, ११० किंवा १२० निवडता येतं, ऑम्निपॉड ५ या पंपाच्या मूळ आवृत्तीत ११० ते १५०.

आता जेवणाचा प्रश्न. निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन थेट यकृताकडे जातं आणि मिनिटांत काम करतं. आपण त्वचेखाली सोडलेलं इन्सुलिन सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं, पूर्ण जोर धरायला तास-दीड तास आणि संपायला तीन ते पाच तास घेतं. जुन्या गिझरखाली आंघोळ केलेल्या माणसाला हे पटकन कळेल. पाणी गार आहे म्हणून नळ आणखी फिरवावा, तोवर पाइपातून निघालेलं कढत पाणी येऊन पोहोचतं. वरणभात खाल्ल्यावर शुगर अर्ध्या तासात उसळी घेते. ती दिसल्यावर यंत्रानं जोरात इन्सुलिन दिलं तर ते पोहोचेपर्यंत शुगर कुठच्या कुठे गेलेली असते, आणि दोन तासांनी तेच इन्सुलिन मुलाला लो करतं. एकदा दिलेलं इन्सुलिन परत काढून घेता येत नाही, यंत्र फक्त पुढचं थांबवू शकतं. म्हणून बनवणाऱ्यांनी यंत्राला मुद्दाम सावध ठेवलं आहे, आणि मूल काय आणि किती खाणार हे आपण जेवणाआधी सांगायचं असतं.

रात्री यातलं काहीच नसतं. जेवण नाही, पळापळ नाही, शुगरचे चढउतार संथ असतात आणि इन्सुलिनच्या संथपणाशी ते जुळतात. अभ्यासांतही हेच दिसलं. २०२० साली ६ ते १३ वयाच्या १०१ मुलांवर झालेल्या अमेरिकी चाचणीत यंत्रावरच्या मुलांची शुगर ७० ते १८० या पट्ट्यात राहण्याचा वेळ १६ आठवड्यांत ५३ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला. सेन्सर आणि साधा पंप वापरणाऱ्या मुलांचा ५१ वरून ५५ वर. रात्रीपुरतं बघितलं तर यंत्रावरच्या मुलांचा आकडा ८०च्या आसपास होता, दिवसाचा ६३च्या. दोन ते पाच वर्षांच्या मुलांवर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्ट्यातला वेळ दिवसाला सुमारे तीन तासांनी वाढला. केंब्रिजच्या प्रोग्रॅमवर एक ते सात वयाच्या ७४ मुलांची युरोपात चाचणी झाली, तिथे १२५ मिनिटांची वाढ दिसली, आणि लो वाढले नाहीत. शुगर सुधारली आणि तरी लो वाढले नाहीत, हे १९९३ साली जमलं नव्हतं. एरवी डॉक्टर मुलांसाठी ७० टक्के वेळ पट्ट्यात असावा असं उद्दिष्ट देतात. पेनवर तिथवर पोहोचायला घरच्यांना काय करावं लागतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

एक गोष्ट मात्र यंत्र करत नाही. नुकतंच निदान झालेल्या मुलांना लगेच यंत्र लावलं तर उरल्यासुरल्या बीटा पेशी वाचतील का, हे ब्रिटनमध्ये तपासून पाहिलं, १० ते १६ वर्षांच्या ९७ मुलांवर. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हा निदानाच्या धक्क्यात असलेल्या पालकांनी ‘आत्ताच लावलं नाही तर संधी जाईल’ या भीतीनं कर्ज काढू नये.

पालकांनी घडवलेलं तंत्रज्ञान

या क्षेत्राचा इतिहास मला फार आवडतो, कारण त्यात कंपन्यांइतकेच आईबाप आणि रुग्ण आहेत. बोस्टन विद्यापीठातले अभियंते एड डॅमियानो यांच्या मुलाला अकरा महिन्यांचा असताना टाइप वन झाला. त्यांनी पुढची वीसेक वर्षं ‘बायॉनिक पँक्रियाज’वर, म्हणजे यांत्रिक स्वादुपिंडावर, घालवली. त्यातून आलेल्या आयलेट या पंपाला अमेरिकेत मे २०२३ मध्ये सहा वर्षांपुढच्यांसाठी मान्यता मिळाली. सुरुवातीला त्याला फक्त वजन सांगायचं, आणि जेवताना ग्रॅम मोजण्याऐवजी नेहमीइतकं, कमी किंवा जास्त एवढंच.

२०१३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन कॉस्टिक या वडिलांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या सेन्सरचे आकडे ऑफिसात बसून दिसावेत म्हणून स्वतः कोड लिहिला. सिअॅटलच्या डेना लुईस यांना स्वतःला टाइप वन आहे. सेन्सरचा अलार्म झोपेत ऐकू येत नाही म्हणून तो मोठा करण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये पूर्ण यंत्रणेचा आराखडा सगळ्यांसाठी मोफत खुला केला. कंपन्यांचं पहिलं असं यंत्र, मिनीमेड ६७० जी, अमेरिकेत मान्य झालं २०१६च्या सप्टेंबरात. अशा खुल्या प्रोग्रॅमची न्यूझीलंडमध्ये मुलं आणि मोठे मिळून ९७ जणांवर रीतसर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल उत्तम होते. तरीही स्वतः जुळवलेल्या यंत्रणेची जबाबदारी संपूर्ण आपली असते. तुमच्या डॉक्टरांना ती समजत असेल तरच त्या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात शिकावं लागतं ते

सगळ्यात मोठा धोका आधी सांगते. पंपावर लांब टिकणारं इन्सुलिन अंगात नसतं. त्वचेखाली इन्सुलिन सोडणारी बारीक नळी, म्हणजे कॅन्युला, वाकली, सुटली, नळीत हवा अडकली तर मुलाला इन्सुलिन मिळणं बंद होतं आणि काही तासांत रक्तात कीटोन्स, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, साठू लागतात. पोटात दुखणं, उलट्या, खोल श्वास, म्हणजे कीटोअॅसिडोसिस ही जीवघेणी अवस्था. यंत्राला वाटत राहतं की आपण इन्सुलिन देतोय. म्हणून शुगर कारण नसताना २५०च्या वर गेली आणि उतरत नसेल तर कीटोन्स तपासायचे. ते असतील तर डोस पेननं द्यायचा, पंपानं नाही, मग सेट, म्हणजे कॅन्युला आणि तिची नळी, बदलायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. पंप कितीही महागाचा असो, घरात पेन, सुया, मीटर आणि कीटोनच्या पट्ट्या हव्यातच, आणि शाळेच्या दप्तरातही एक पेन. सेट साधारण दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. तो शक्यतो झोपायच्या आधी बदलू नये, नवा सेट नीट बसलाय की नाही हे कळायला दोन-तीन तास जागे असावं.

जेवणाचा बोलस जमेल तेव्हा दहा-पंधरा मिनिटं आधी द्यावा. दोन वर्षांचं मूल ताटातलं खाईलच याची खात्री नसते, तेव्हा थोडा आधी आणि बाकीचा खाल्ल्यावर असं विभागता येतं. द्यायला विसरलात आणि अर्धा-पाऊण तास उलटून गेला, तर पूर्ण बोलस देऊ नका. यंत्रानं तोवर चढती शुगर बघून इन्सुलिन वाढवलेलं असतं, त्यावर पूर्ण डोस पडला की लो ठरलेला. अशा वेळी किती द्यायचं, साधारण निम्मं की आणखी कमी, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. कार्ब्ज, म्हणजे कर्बोदकं, मोजायची सवय आपल्या स्वयंपाकघरातूनच लावावी लागते. मध्यम पोळीत साधारण १५ ते २० ग्रॅम कार्ब्ज असतात, पण ‘मध्यम’ प्रत्येक घरात निराळी, म्हणून आठवडाभर कणीक वजनकाट्यावर तोलून बघावी. उकडीचा मोदक आणि वर तूप असलं की शुगर आधी हळू आणि नंतर उशिरापर्यंत चढते. नव्या यंत्रांना ही उशिराची चढण बऱ्यापैकी सांभाळता येते.

लो झाल्यावर पेनवरच्या मुलाला १५ ग्रॅम साखर द्यायची सवय असते. ऑटोमॅटिक पंपावर बहुधा ५ ते १० ग्रॅम पुरते, कारण आकडा सत्तरवर येईपर्यंत पंपानं इन्सुलिन केव्हाच थांबवलेलं असतं. घाबरून दोन चमचे जास्त दिले की शुगर उसळते, यंत्र त्यावर इन्सुलिन देतं आणि मूल पुन्हा लो होतं. लोसाठी दिलेली ही साखर पंपात जेवण म्हणून नोंदवायची नाही, नाहीतर तो तिच्यावर बोलस देईल.

झोपेत मूल सेन्सरवर कलंडलं की दाबामुळे खोटा लो दिसतो. कूस बदलली की आकडा परत येतो. शंका आली तर बोट टोचून खात्री करावी. खेळाच्या तासाआधी, शक्यतो तासभर तरी, पंपाला खेळाचं वरचं लक्ष्य सांगून ठेवावं. एमआरआयच्या खोलीत पंप न्यायचा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंप उन्हात उघडा राहिला तर आतलं इन्सुलिन खराब होतं आणि घामानं चिकटपट्टीही सुटते. तो कपड्यांच्या आत ठेवावा, आणि शुगर विनाकारण वर राहिली तर इन्सुलिनसकट सगळं बदलून टाकावं.

अलार्मबद्दल पालक सहसा बोलत नाहीत, पण थकवतात तेच. सुरुवातीला सगळे अलार्म चालू असतात आणि आठवडाभरात घर वैतागतं. कोणते ठेवायचे, कोणते बंद करायचे, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. तातडीचा ‘लो शुगर’चा अलार्म बंद करायचा नाही, बाकी बरेच कमी करता येतात. आणि यंत्र चालू असताना मधे मधे स्वतः हात घालण्याचा मोह आवरा. सरावलेल्या पालकांनाच हे जड जातं, कारण इतकी वर्षं प्रत्येक आकड्याला त्यांनीच उत्तर दिलेलं असतं.

पैसा आणि शाळा

इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या नाइस या संस्थेनं अठरा वर्षांखालच्या सगळ्या टाइप वन मुलांना ही यंत्रणा सरकारी आरोग्यसेवेतून द्यावी अशी शिफारस केली. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती रुग्णालयात हक्कानं मागावी. आपल्याकडे ७८० जी मिळतो, पण पंप लाखांच्या घरात आणि सेन्सर, सेट, रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची कुपी) यांचा दर महिन्याचा खर्च हजारांत. बहुतेक घरांत तो खिशातूनच जातो. पंप घेताना कुटुंबं पहिल्या रकमेचा विचार करतात आणि महिन्याच्या खर्चानं सहा महिन्यांत मोडतात. सेन्सर परवडेनासा झाला की ऑटोमॅटिक भाग बंद पडतो आणि हातात नुसता महागडा पंप उरतो. म्हणून पाच वर्षांचा हिशेब कागदावर मांडा. तो जमत नसेल तर आधी पेन आणि जमेल तितके दिवस सेन्सर, एवढ्यानंही शुगर पुष्कळ सुधारते. इन्सुलिनच परवडत नाही अशी मुलंही आपल्याकडे आहेत. नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान अशा संस्था टाइप वन मुलांसाठी वर्षानुवर्षं काम करत आहेत. गरज असलेल्या घराला त्यांच्यापर्यंत पोहोचवणं हे आपल्यापैकी कुणालाही करता येण्यासारखं काम आहे.

वयाचंही बघावं लागतं. ७८० जीची मूळ मान्यता ७ वर्षांपासून पुढे आहे, आणि त्यासाठी मुलाला दिवसाला किमान ८ युनिट इन्सुलिन लागत असावं. परदेशात ऑम्निपॉड ५ दोन वर्षांपासून आणि केंब्रिजचा कॅमएपीएस एक वर्षापासून वापरता येतो.

शाळेत वर्गशिक्षकांना तीन गोष्टी लेखी द्या. लो झाल्याची लक्षणं आणि तेव्हा काय द्यायचं, पंप काढून ठेवायचा नाही, आणि मुलाच्या खिशातला फोन हे वैद्यकीय उपकरण आहे. सीबीएसईनं २०१७ पासून टाइप वन असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, खाऊ आणि पाणी न्यायला परवानगी दिली आहे. इतर बोर्डांच्या शाळेत हे दाखवून मुख्याध्यापकांशी बोलता येतं.

घेण्याआधी डॉक्टरांना विचारा की सुरुवातीचे दोन आठवडे रात्री फोन कोण उचलेल, तुमच्या गावी सेट आणि सेन्सर किती दिवसांत पोहोचतात, पंप बिघडला तर बदली पंप केव्हा मिळतो, आणि तोवर वापरायचा पेनचा डोस किती. हा शेवटचा आकडा फ्रिजच्या दारावर लावून ठेवा आणि मूल वाढेल तसा दर तीन महिन्यांनी बदलून घ्या.